इतर : एक मत

ऑरिनकाकाच्या विरोधात उभं राहायचं म्हणजे काय, हे कॉराला त्या दिवशी सकाळी पावणेदहाला कळलं. तिची सख्खी आई सभागृहात आली, पायपुसण्यावर बूट आपटले, आणि लेकीने राखून ठेवलेल्या खुर्चीकडे ढुंकूनही न बघता सरळ ऑरिनच्या शेजारी जाऊन बसली.

"आई, इथे जागा धरलीय तुझ्यासाठी."

"दिसतंय मला," ॲग्नेस म्हणाली आणि कोटाची बटणं काढू लागली.

मी मागच्याच रांगेत होते, विणकाम घेऊन. आमच्या कॉर्बिन्स मिल गावात मार्चच्या गावसभेला बाया विणकाम घेऊनच येतात. रस्ते आणि नाल्यांवरची भाषणं ऐकताना हाताला काहीतरी काम हवं ना! तेव्हा ही माझ्या डोळ्यांदेखतची गोष्ट आहे, मला कुणी शिकवू नये.

गावाच्या शाळा मंडळावर एक तरी स्टिकनी असतोच. आधी म्हातारा एझ्रा होता, त्याच्यामागून त्याचा थोरला, ऑरिन. ऑरिनला मंडळावर छत्तीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत त्याच्यासमोर कुणी उभं राहिलं नव्हतं. आता राहिली, तीही त्याच्या धाकट्या भावाची पोर. तो भाऊ, लाइल, ऑक्टोबरात गेला. कॉराने सगळा फेब्रुवारी बर्फातून दारोदार फिरून मतं मागितली होती, आणि लोकांनी तिला कॉफी पाजून, कुत्र्याची चौकशी करून, मताचं काही न बोलता परत पाठवलं होतं.

कॉफीच्या टेबलापाशी थेल्माकाकूने तिला गाठलं. थेल्मा म्हणजे ऑरिनची बायको. दुपारच्या जेवणाच्या बीन्स आणि हॅम तिच्याच देखरेखीखाली शिजत होत्या, त्यामुळे अंगावर ॲप्रन होता.

"अगं, बापाला जाऊन पाच महिने नाही झाले. जरा दम धरायचास."

"काकू, माझी नेल सप्टेंबरात शाळेत जाणार. बस गिरणीच्या पुलावरूनच नेणार ना काका?"

"एकतीस वर्षांत त्या पुलावर काही झालेलं नाही."

"बत्तिसाव्या वर्षाची हमी देतेस?"

थेल्माने कपात साखर घातली आणि गरजेपेक्षा जास्त वेळ ढवळली. "नुसत्या पुलाचं असतं तर मीसुद्धा तुला मत दिलं असतं," ती आवाज खाली आणून म्हणाली. "पण तुला ते सगळं उकरायचंय."

"उकरायला आधी कुणीतरी पुरलेलं असावं लागतं."

"जिभेला हाड नाही तुझ्या," थेल्मा म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला.

ते सगळं म्हणजे ज्यूनी. कॉराची थोरली बहीण, नऊ वर्षांची. शाळेची बस तेव्हा लाइल चालवायचा, म्हणजे पोरींचा बापच. कॉराला त्या दिवशी ताप होता म्हणून ती घरी राहिली. पूल गोठलेला होता, बस कठडा तोडून आडवी झाली आणि तिचा मागचा अर्धा भाग नदीत गेला. लाइलने त्या पाण्यातून अकरा पोरं एकेक करून काढली. बारावी त्याची स्वतःची होती.

गाव त्याला त्यावरून कधी वाईट बोललं नाही आणि कधी चांगलंही बोललं नाही. ॲग्नेसने मात्र त्याला माफ केलं नाही. एकतीस वर्षं त्याचं रांधलं, त्याचे कपडे धुतले, पण त्याच्यासोबत टेबलाला जेवायला बसली नाही. मला एकदाच म्हणाली होती, "बर्फ दिसत होतं ना त्याला? मग? डोळे फुटले होते?" तिला खरा आधार होता तो दिराचा. लाकडं फोडून देण्यापासून गाडी दुरुस्त करण्यापर्यंत ऑरिन धावून यायचा. त्याच्या शेजारी ती बसली ती उगाच नाही.

आता त्या चिठ्ठीचं सांगते. शाळा मंडळाचं मत आमच्याकडे कोऱ्या कागदावर पडतं. आपल्याला हवं ते नाव लिहायचं, घडी घालायची, पुढे जाऊन लाकडी पेटीत टाकायची. ज्यूनी गेली त्याच्या पुढच्या वर्षीपासून दरवर्षी एका चिठ्ठीवर तिचं नाव निघायचं. एकच चिठ्ठी, कमी नाही, जास्त नाही. मोजणाऱ्या बाया म्हणायच्या, ती नेहमी ओली असते. पण मार्चमध्ये सगळ्यांचेच हातमोजे ओले असतात, म्हणून कुणी मनाला लावून घेतलं नाही. जुना सभापती हायरम आकडे वाचताना शेवटी म्हणायचा, "इतर, एक." नाव त्याने एकदाही घेतलं नाही. चिठ्ठी लाइलच टाकतो असं सगळ्यांनी धरलं होतं. ॲग्नेस तर म्हणायची, "दरवर्षी तमाशा करतो मेला."

लाइल गेला तेव्हा आम्हाला वाटलं, चला, तेही संपलं. हायरमही थंडीला कंटाळून लेकीकडे दक्षिणेत राहायला गेला होता. सभापती म्हणून आता व्हिन्सेंट उभा होता. निवृत्त वकील, कनेक्टिकटहून सात वर्षांपूर्वी आलेला, म्हणजे आमच्या लेखी कालच आलेला. सज्जन माणूस, पण सगळं पुस्तकातल्या नियमाने करणारा. त्याला त्या 'इतर'चं कुणीतरी सांगून ठेवायला हवं होतं. मला वाटलं थेल्माने सांगितलं असेल. थेल्माला वाटलं मी सांगितलं असेल. सांगायचं म्हणजे ते नाव तोंडाने घ्यावं लागलं असतं, आणि ते कुणालाच नको होतं.

आधी ऑरिन बोलला. हात मागे बांधून, नेहमीसारखा. वरच्या रस्त्याने बस नेली तर पोरांची पंचवीस मिनिटं जास्त जातात, छत्तीस वर्षांत एकाही पालकाने लेखी तक्रार केलेली नाही, आणि "भावनेच्या भरात शाळा चालवता येत नाही." बसताना त्याने ॲग्नेसच्या खांद्यावर हात ठेवला.

मग कॉरा उठली. तिने कागद आणला होता, पण तो तिने उघडलाच नाही.

"माझा बाप मरेपर्यंत त्या पुलावरून गेला नाही," ती म्हणाली. "पीठ आणायचं असलं तरी वरच्या रस्त्याने जायचा. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, तिथे कुणाला घेऊन जायचं नसतं. एवढंच. मला निवडून दिलंत तर दुसऱ्या दिवशी सकाळी बस वरच्या रस्त्याने जाईल. दुसरं काही माझ्या मनात नाही."

ॲग्नेस समोर बघत राहिली.

आम्ही सगळ्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. एकशे अठ्ठावीस माणसं. तळघरात पोरांना सांभाळायला दोन मुली ठेवलेल्या असतात, त्यांची गाणी आणि धावाधाव जमिनीतून वर ऐकू येत होती. मोजणाऱ्या बायांनी पेटी उलटी केली आणि खालचा आवाज बंद झाला. एखादं पोर गप्प झालं, मग दुसरं, असं नाही. सगळं एकदम. मी सुया थांबवल्या. माझ्या शेजारणीनेही थांबवल्या.

व्हिन्सेंटने चष्मा लावला. "ऑरिन स्टिकनी, चौसष्ट. कॉरा स्टिकनी, त्रेसष्ट." तो कागद डोळ्यांजवळ नेऊन म्हणाला, "ज्यूनी स्टिकनी, एक."

अहो, काय सांगू! एकतीस वर्षांत ते नाव त्या छताखाली कुणी उच्चारलं नव्हतं. थेल्माच्या हातातला डाव खाली पडला, तो उचलायला कुणी वाकलं नाही.

"कुणाला बहुमत नाही," व्हिन्सेंट म्हणाला. बिचाऱ्याला काही कळलं नव्हतं. "पासष्ट लागतात. पुन्हा मत घ्यावं लागेल. या ज्यूनीबाई सभेला हजर आहेत का? त्यांना उभं राहायचंय का?"



"हे तू केलंस?" ॲग्नेसने मान वळवून कॉराला विचारलं. सकाळपासून ती लेकीकडे पहिल्यांदाच वळली होती. "बाप गेला, आता तू धरलंस का ते?"

"आई, देवाशपथ नाही."

"मग कुणी?"

"मला वाटत होतं बाबा करायचे."

"मलाही," ॲग्नेस म्हणाली, आणि मग तिने थेट ऑरिनकडे पाहिलं. ऑरिनने खिशातून रुमाल काढून मान पुसली. सभागृहात तशी उष्णता काही नव्हती.

दुसऱ्या वेळेला थेल्मा नवऱ्याच्या शेजारी येऊन बसली. पुढचं तिने मला पुढे कितीतरी महिन्यांनी सांगितलं. ऑरिन नेहमी नाव लिहितो ते झटक्यात, एका दमात. त्या वेळी त्याचा हात सावकाश चालला होता, पहिलीतल्या पोरासारखा. तिने तिरक्या नजरेने पाहिलं. कागदावर ज्यूनीचं नाव होतं.

"अहो, हे काय लिहिताय?" ती कुजबुजली.

"माझंच लिहितोय."

"बघा तरी."

त्याने पाहिलं. तो चिठ्ठीकडे बराच वेळ पाहत राहिला, मग तिची घडी घातली, उठला आणि ती पेटीत टाकली. फाडून टाकली नाही. थेल्माला तेच कळेना. सत्तेचाळीस वर्षं संसार केलेला माणूस, आणि त्याची पाठ तिला त्या क्षणी अनोळखी वाटली.

पेटी उलटी झाली. तळघर पुन्हा गप्प झालं. व्हिन्सेंटने वाचलं, या वेळी जरा अडखळत.

"ऑरिन, एक्केचाळीस. कॉरा, सेहेचाळीस. ज्यूनी..." त्याने मोजणाऱ्या बाईकडे पाहिलं. तिने मान हलवली. "ज्यूनी, एक्केचाळीस."

"ही काय थट्टा चाललीय?" मागून कुणीतरी ओरडलं. "ज्याने कुणी केलं असेल त्याला लाज वाटली पाहिजे!"

पण केलं कुणी, हे विचारायला तोंड कुणाला होतं? एक्केचाळीस माणसं ठरवून एखादी गोष्ट करतात आणि गावात आधी कुजबुज होत नाही, असं आमच्याकडे कधी घडलेलं नाही. शिंक आली तरी दुसऱ्या टोकाला कळते. आणि माझं सांगते. मी कॉराचं नाव लिहिलं होतं. दोन्ही वेळा कॉराचंच. निदान मला तरी तसं आठवतं.

तिसऱ्या वेळेला मी पेन्सिल अगदी घट्ट धरली. 'कॉरा' असं मनात म्हणत, एकेक अक्षर बघून लिहिलं, घडी घातली. रांगेत माझ्यापुढे दूधवाला अमोस होता, थोराड गडी. तो आपली चिठ्ठी पुन्हा पुन्हा उघडून पाहत होता आणि पुन्हा घडी घालत होता. मीही माझी उघडली. मग परत मिटली आणि टाकली. काय करणार होते दुसरं?

"ऑरिन, तीन," व्हिन्सेंटने वाचलं. आता त्याचा आवाज वकिलाचा राहिला नव्हता. "कॉरा, सहा. ज्यूनी स्टिकनी, एकशे एकोणीस."

बाया मोजत होत्या त्या टेबलावर चिठ्ठ्यांचा ढीग होता आणि टेबलाच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं. कुणीही तिकडे गेलं नाही.

"मला कुणीतरी सांगेल का," व्हिन्सेंट म्हणाला, "या बाई कोण आहेत? बहुमत मिळालंय त्यांना. मला नाव जाहीर करावं लागेल."

"ती माझी मुलगी," ॲग्नेस म्हणाली. "नऊ वर्षांची आहे."

आहे, म्हणाली. मी स्वतः ऐकलं.

तेव्हा ऑरिन उठला. एकाहत्तर वर्षांचा तगडा माणूस, पण उठताना त्याने समोरच्या खुर्चीची पाठ धरली. "व्हिन्सेंट, जाहीर करू नकोस," तो म्हणाला. "मी माझं नाव मागे घेतो. पण आधी मला एक सांगायचंय."

"बसा हो," थेल्मा म्हणाली. "घरी जाऊन बोलू."

"घरी नको. घरी एकतीस वर्षं बसलोच आहे." तो ॲग्नेसकडे वळला. "त्या दिवशी सकाळी लाइलचा मला फोन आला होता. सहा वाजून दहा मिनिटांनी."

ॲग्नेसने कोट मांडीवर ओढला.

"म्हणाला, पुलावर पाय ठरत नाही, चालत जाऊन पाहून आलोय. शाळा उशिरा उघडा नाहीतर मी वरच्या रस्त्याने नेतो. मी मंडळावर होतो, परवानगी माझी लागायची. मी म्हणालो, उशीर होतो, लोक बोंब मारतात. एवढ्याशा बर्फाला भ्यायचं असेल तर चाव्या ठेव, दुसरा बघतो. असं म्हणालो मी त्याला. माझ्या भावाला."

"फोनवर?" ॲग्नेसने विचारलं.

"हो."

"मी वर होते. कॉराचं अंग भाजत होतं. तो दारात आला, म्हणाला, ऑरिनशी बोललो. मग गेला." ती एकेक शब्द शोधत होती. "काय बोललास ते मी विचारलं नाही. नंतरही नाही."

"त्याने का नाही सांगितलं?" कॉरा उभी राहिली होती. "काका, बाबांनी आम्हाला कधीच का नाही सांगितलं?"

"मी त्याला म्हणालो होतो, सांगून टाकू. अंत्यविधीच्या दिवशी. नको म्हणाला. ब्रेक माझ्या पायाखाली होता, तुझ्या नाही, असं म्हणाला." ऑरिनने खुर्चीची पाठ पुन्हा धरली. "आणि मला ते बरं वाटलं गं, पोरी. मला तेव्हा हायसं वाटलं."

"आणि तरी तू बस त्याच पुलावरून नेत राहिलास?" कॉराने विचारलं.

"रस्ता बदलला असता तर का बदलला ते सांगावं लागलं असतं."

इतकी वर्षं मी ऑरिनला ओळखते. त्याची चीड यावी की कीव, मला ठरवता येईना. अजूनही येत नाही. थेल्मा ॲप्रनने तोंड झाकून बसली होती.

ॲग्नेसने कोट उचलला. मला वाटलं, आता ही चालू लागणार. पण ती रांगेतून बाहेर आली, मधला रस्ता ओलांडला आणि लेकीच्या शेजारच्या खुर्चीत बसली.

"एका टेबलाला बसले नाही मी त्याच्यासोबत," ती कॉराला म्हणाली. "तो माझ्याकडे बघत जेवायचा. आणि मी भांडी घासायचे."

कॉराने तिचा हात धरला.

व्हिन्सेंटने बराच वेळ पुस्तक चाळलं. शेवटी ते मिटलं आणि म्हणाला, "पुन्हा एकदा मत घेऊ. शेवटचं."

चौथ्या वेळेला पुन्हा चिठ्ठ्या पडल्या. ऑरिन सर्वांत शेवटी गेला आणि चिठ्ठी टाकून भिंतीपाशी उभा राहिला, बसला नाही. पेटी उलटी केली तेव्हा खाली पोरं किंचाळत होती, कुणीतरी कुणाचं तरी काहीतरी हिसकावलं होतं, आणि सांभाळणारी मुलगी ओरडत होती. तो आवाज ऐकून मला रडू आलं.

"कॉरा स्टिकनी," व्हिन्सेंटने वाचलं, "एकशे अठ्ठावीस."

टाळ्या वाजल्या नाहीत. त्याने कॉराला पुढे बोलावलं, हात वर करायला लावला, शपथ दिली. तिने ती नीट म्हटली. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "उद्या सकाळी बस वरच्या रस्त्याने जाईल. पोरांना पंचवीस मिनिटं आधी उठवा." बायांनी माना हलवल्या. अमोस म्हणाला, "उठवू."

मला वाटलं, संपलं. लोक जेवायला उठू लागले. तेवढ्यात ॲग्नेस पुढे गेली, टेबलापाशी.

"इतर?" तिने विचारलं.

व्हिन्सेंटने कागद पुन्हा पाहिला. "इतर काही नाही, बाई."

"नीट बघा."

"सगळी मोजली. एकशे अठ्ठावीस माणसं, एकशे अठ्ठावीस चिठ्ठ्या."

"पुन्हा मोजा ना," ॲग्नेस म्हणाली. ती भांडत नव्हती, विनवत होती. तिने स्वतःच चिठ्ठ्या हातात घेतल्या आणि एकेक उघडून बघू लागली. कॉरा, कॉरा, कॉरा. कॉरा तिच्या मागे येऊन उभी राहिली. "आई, चल," ती म्हणाली. "आई."

"थांब गं," ॲग्नेस म्हणाली आणि पुढची चिठ्ठी उघडली. "एक तरी असेल. दरवर्षी असायची."